शेवट्याच्या कल्ल्यांतील सूक्ष्म परजीवी: नवी जात म्हणण्यापूर्वी काय सिद्ध करावे लागते?

मार्कंडेयतीर (बेळगाव)

नमस्कार.

बेळगाव घाटाच्या वरच्या अंगाला असले तरी कॅम्पातल्या बाजारात कारवार, गोवा, वेंगुर्ले आणि मालवणची मासळी नित्य येते, आणि परजीवींचा अभ्यास करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना तीच सर्वांत हाताशी असते. अशाच शेवट्यांचे, म्हणजे आपल्यापैकी काही जण ज्याला बोई म्हणतात त्या माशांचे, कल्ले तपासताना मला काहींच्या कल्लातंतूंवर खसखशीच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या गाठी दिसल्या. एक गाठ काचपट्टीवर थेंबभर पाण्यात फोडून तेलभिंगाखाली पाहिली, तेव्हा असंख्य अंडाकृती बीजाणू दिसले. प्रत्येकाला दोन झडपा, त्या जिथे जुळतात तिथे उंचावलेली शिवण, पुढच्या टोकाशी दोन ध्रुवकोश, प्रत्येक कोशात वेटोळे घालून बसलेला तंतू, आणि मागच्या भागात बीजद्रव्य. हे वर्णन मिक्सोबोलस या प्रजातीचे (म्हणजे अनेक जातींना सामावणाऱ्या जीनसचे) आहे, याबद्दल मला शंका नाही.

शंका पुढच्या पायरीची आहे. ज्या नोंदी मला पाहायला मिळाल्या त्यांतल्या कोणत्याही जातीशी हे बीजाणू तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून सहकारी मला 'नवी जात' म्हणून लेख लिहायला सांगत आहेत. हाती असलेल्या सामग्रीवर तसे म्हणणे योग्य होणार नाही, असे माझे मत आहे. 'जुळत नाही' आणि 'वेगळी आहे' या दोन विधानांमध्ये बरेच अंतर असते, आणि ते अंतर कसे पार करायचे याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांना या जीवांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. मिक्सोझोआ या गटातील जीवांना दीर्घकाळ आदिजीव समजले जात होते. प्रत्यक्षात ते प्राणी आहेत, आणि तेही जेलीफिश व प्रवाळ यांच्या कुळातले. त्यांचा ध्रुवकोश म्हणजे जेलीफिशच्या दंशपेशीतील कोशाचेच रूप आहे. शरीर कमी होत होत काही पेशींवर आले, पण तंतू फेकण्याची ही यंत्रणा टिकून राहिली. याच गटातील कुडोआ इवाताई या जातीचा जनुकसंच २०१५ साली वाचला गेला, तेव्हा तो प्राणिसृष्टीतील सर्वांत लहान जनुकसंचांपैकी एक ठरला. २०२० साली सामन माशातील हेनेगुया साल्मिनिकोला या जातीत तंतुकणिकेचा जनुकसंचच नसल्याचे, म्हणजे प्राणवायूच्या आधारे श्वसन करण्याची क्षमताच तिने गमावल्याचे दिसून आले. इतका रूपांतरित झालेला प्राणी ओळखायला बाह्य खुणा फार थोड्या उरतात, आणि नवी जात ठरवण्यातली मुख्य अडचण इथूनच सुरू होते.

मिक्सोबोलस ही या गटातील सर्वांत मोठी प्रजाती आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या संकलनात ७४४ जातींची नोंद होती, आणि त्यानंतर भर पडतच राहिली आहे. दहा-बारा मायक्रॉनच्या अंडाकृती देहांना इतकी वेगवेगळी नावे दिलेली असताना माझा बीजाणू या सर्वांहून भिन्न आहे असे म्हणायचे, तर पुरावा कोणता आणि किती हवा? जाणकारांनी मते द्यावीत.

तेलभिंग (निपाणी)

ताई, मी रोगनिदान प्रयोगशाळेत काम करतो, माशांचा अभ्यास नाही, पण सूक्ष्मदर्शकाखालची मोजमापे रोजची आहेत. आपण बीजाणू ताजे मोजले की फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले? आमच्याकडे स्थिर केलेल्या पेशी आकसतात, आणि एकच नमुना दोघांनी मोजला तर आकडे वेगळे येतात. डोळ्याच्या भिंगातील पट्टी प्रमाणित काचपट्टीशी ताडून घेतली होती का, हेही सांगावे.

मार्कंडेयतीर (बेळगाव)

दादा, आपला प्रश्न अगदी नेमका आहे. पट्टी ताडून घेतली आहे. मोजमापे ओल्या आणि फॉर्मॅलिनमधील अशा दोन्ही बीजाणूंची घेतली आहेत, आणि दोन्ही स्वतंत्र ठेवली आहेत, कारण जुन्या लेखांतील आकडे कोणत्या अवस्थेतील बीजाणूंचे आहेत हे लिहिलेले नसले, तर तुलना करण्यात अर्थ राहत नाही.

मिक्सोस्पोरियांचे (मिक्सोझोआंतील ज्या उपगटात मिक्सोबोलस येतो त्याचे) वर्णन कसे लिहावे याचे नियम लोम आणि आर्थर यांनी १९८९ साली मांडले आणि आजही अभ्यासक तेच पाळतात. बीजाणूची लांबी आणि रुंदी समोरून घ्यावी. जाडी मात्र शिवणीच्या बाजूने, बीजाणू कुशीवर वळलेला असताना मोजावी. ध्रुवकोशांची लांबी-रुंदी, दोन कोश समान आहेत की लहानमोठे, आतील तंतूचे वेढे किती आणि ते कोशाच्या अक्षाशी कोणता कोन करतात, हे सर्व नोंदवावे. तंतू बाहेर फेकला गेल्यावर त्याची लांबीही मोजता येते. त्यासाठी बीजाणूंवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा युरियाचे द्रावण सोडतात. बीजद्रव्यात आयोडीनने तपकिरी होणारी पोकळी आहे का ते पाहावे, आणि भारतीय शाईत बीजाणू ठेवून भोवती श्लेष्माचे आवरण दिसते का तेही पाहावे. केवळ सरासरी देऊन भागत नाही. किमान, कमाल आणि विचलन द्यावे लागते, आणि बीजाणू एकाच गाठीतले न घेता वेगवेगळ्या माशांतल्या गाठींतून घ्यावे लागतात.

पण हे सर्व निर्दोष केले तरी मोजमापांवर जात ठरत नाही, असे माझे मत होत चालले आहे. भिन्न जातींचे बीजाणू हुबेहूब सारखे असू शकतात, आणि एकाच जातीचे बीजाणू वेगळ्या माशात किंचित वेगळ्या मापाचे येऊ शकतात. म्हणूनच बीजाणूइतकेच महत्त्व तो माशाच्या कोणत्या ऊतीत वाढतो याला आहे. नुसते 'कल्ल्यांत' असे लिहिणे आता पुरेसे मानत नाहीत. गाठ कल्लापटलाच्या रक्तवाहिनीत आहे, दोन पटलांमधल्या आवरणपेशींत आहे, की कल्लाकमानीच्या कूर्चेत आहे, हे ऊतीचे पातळ छेद घेऊन, रंगवून दाखवावे लागते.

खाडीकाठ (कारवार)

मी शास्त्राचा माणूस नव्हे, मासळीच्या घरातला आहे, पण इथे दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिली अशी की, 'शेवटा' हा एक मासा नाही. काळी नदीच्या मुखाशी, सदाशिवगडाच्या बाजूला किंवा इकडे कोडीबागेला पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकला तर जे येतात त्यांत डोळ्यांवर चरबीसारखा जाड पडदा असलेला एक असतो, मोठ्या खवल्यांचा दुसरा असतो, आणि लहान वयात तर सगळे एकाच टोपलीत एकाच नावाने विकले जातात. आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका हातात धरून फरक सांगतील, पण बेळगावच्या बाजारात पोहोचेपर्यंत ते सर्व शेवटेच झालेले असतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घाटावर जाणारी मासळी एका बंदराची नसते. कारवारची पेटी, गोव्याची पेटी आणि मालपेहून आलेली पेटी व्यापाऱ्याकडे एकत्र होते. १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींना बंदी असते, त्या काळात तर बर्फातली मासळी कुठल्या कुठून येते. आपण ज्या शेवट्यात या गाठी पाहिल्या तो कोणत्या खाडीतला, हे विकणाऱ्यालाही प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. आपल्या शास्त्रात याला किती महत्त्व आहे मला ठाऊक नाही, पण माझ्या दृष्टीने मासा कुठला हे न कळता त्याच्यातील किडा कुठला ते कसे सांगणार?

मार्कंडेयतीर (बेळगाव)

काका, माझ्या मनात जे अस्पष्ट होते ते आपण स्पष्ट केलेत. शास्त्रात याला अतिशय महत्त्व आहे, आणि माझी सामग्री अपुरी आहे असे मी म्हणते ते मुख्यतः याच कारणाने.

नव्या जातीच्या वर्णनात 'मूळ यजमान' (परजीवी ज्याच्या शरीरात सापडला तो प्राणी) आणि 'मूळ स्थान' या दोन नोंदी नुसत्या रीतीसाठी लिहायच्या नसतात. उद्या दुसऱ्या कोणा अभ्यासकाला माझ्या जातीबद्दल शंका आली, तर त्याने त्याच खाडीत जाऊन, त्याच जातीचा मासा धरून, त्याच ऊतीत तोच परजीवी शोधून पाहायचा असतो. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात वर्णिलेल्या पुष्कळ जातींचे फक्त एक रेखाचित्र आणि दोन-तीन मापे उरली आहेत. त्यांचा डीएनए मिळवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मूळ स्थानी जाऊन पुन्हा नमुने गोळा करणे. मी 'मूळ स्थान: बेळगाव बाजार' असे लिहिले तर पुढच्या माणसाचा हा मार्गच बंद होतो. बेळगावात ना खाडी, ना तो मासा जगतो, ना त्या परजीवीचे जीवनचक्र तिथे पूर्ण होते.

जीवनचक्राचा उल्लेख केला तो त्याही अर्थाने. १९८४ साली केन वुल्फ आणि मारिया मार्किव यांनी दाखवून दिले की, ट्राउट माशात आढळणारा मिक्सोबोलस सेरेब्रालिस मासा ते मासा असा पसरत नाही. त्याचे बीजाणू चिखलातील ट्युबिफेक्स या कृमीत जातात, तिथे त्यांचे पूर्ण वेगळ्या आकाराचे रूप तयार होते, आणि ते रूप पाण्यात सुटून माशाला चिकटते. त्या दुसऱ्या रूपाला त्याआधी स्वतंत्र वर्गात टाकलेले होते. म्हणजे एकाच प्राण्याच्या दोन अवस्थांना शास्त्राने दोन कुळे दिली होती. समुद्री जातींमध्ये ट्युबिफेक्सची जागा बहुधा पॉलिकीट नावाचे समुद्री कृमी घेतात. २००४ साली एलिप्सोमिक्सा गोबी या जातीबाबत ते नेरीस कृमीत दिसून आले, पण अशी पूर्ण उलगडलेली चक्रे अजून थोडीच आहेत. तेव्हा परजीवीचा मुलूख म्हणजे मासा, खाडीतला गाळ आणि त्या गाळातला कृमी हे तिन्ही मिळून होतो, आणि मासळीच्या पेटीतून त्यांपैकी एकच घाट चढून वर येतो.

रेणुसूत्र (धारवाड)

चर्चा उत्तम चालली आहे. डीएनएच्या बाजूने थोडी भर घालतो.

मिक्सोझोआंसाठी आज १८-एस रायबोसोमी जनुकाचा क्रम दिल्याशिवाय नव्या जातीचे वर्णन प्रतिष्ठित नियतकालिके सहसा स्वीकारत नाहीत. त्यासाठी गाठ वेगळी काढून थेट शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवावी. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या सामग्रीचा डीएनए तुटतो, आणि तिच्यातून लांब क्रम मिळवणे बहुधा वाया जाणारे श्रम ठरतात. जनुकाच्या प्रती काढताना सर्वसाधारण प्राइमर (प्रतीची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरले तर माशाच्याच जनुकाच्या प्रती वाढण्याचा धोका असतो, कारण गाठीभोवती यजमानाच्या पेशी असतातच. म्हणून पहिल्या फेरीनंतर मिक्सोझोआंसाठी खास बनवलेल्या प्राइमरांनी दुसरी फेरी करतात.

क्रम हाती आल्यावर जेनबँकेतील (जनुकक्रमांच्या सार्वजनिक संग्रहातील) क्रमांशी तुलना होते, आणि इथे नवखे अभ्यासक घाई करतात असे मला दिसते. 'सर्वांत जवळचा क्रम इतके टक्के जुळतो, म्हणून नवी जात' असा सर्व प्रजातींना लागू होणारा कोणताही आकडा नाही. आधी आपल्याच नमुन्यांत, वेगवेगळ्या माशांतून आलेल्या गाठींत, किती फरक आहे ते पाहावे, आणि मग शेजारच्या जातींशी असलेला फरक त्याहून स्पष्टपणे मोठा आहे का ते ठरवावे. बोईवर्गीय माशांतील मिक्सोबोलस वंशवृक्षावर बहुधा एकत्र येतात, त्यामुळे आपला क्रम त्या शाखेत कुठे बसतो हे पाहणे उद्बोधक ठरेल. जवळच्या जातीचा क्रमच उपलब्ध नसेल तर जेनबँकेतील शांततेला नवेपणाचा पुरावा समजू नये. जिचा डीएनए कोणी वाचलेला नाही अशी जुनी जात तीच असू शकते.

खाडीकाठ काकांनी माशाच्या ओळखीचा मुद्दा मांडला, तोही रेणूंनी सोडवता येतो. शेवट्याच्या मुगिल सेफॅलस या एका शास्त्रीय नावाखाली प्रत्यक्षात एकाहून अधिक जाती दडलेल्या आहेत, हे आता जनुकांच्या अभ्यासातून मान्य झाले आहे. म्हणून ज्या माशातून गाठ काढली त्याच माशाच्या परांचा तुकडा वेगळ्या कुपीत ठेवावा आणि त्याचा सीओआय हा जात ओळखण्यासाठी वापरला जाणारा जनुक वाचावा. यजमानाचे नाव डोळ्यांनी ठरवून चालणार नाही.

वाचनकट्टा (खानापूर)

मी इथे सहसा फक्त वाचतो, परंतु दोन शंका विचारतो. एक, असा मासा खाल्ल्याने माणसाला काही होते का? आमच्या घरी शेवट्याची आमटी नेहमी होते. दोन, ही जात खरोखर नवी ठरली तर तिला बेळगावचे नाव द्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सीमाभागातल्या एका मराठी विद्यार्थिनीने लावलेला शोध जगाच्या नोंदीत आपल्या गावाच्या नावाने जावा, यात गैर काय आहे?

मार्कंडेयतीर (बेळगाव)

काळजी करण्याचे कारण नाही. शेवट्याच्या कल्ल्यांतील मिक्सोबोलस माणसाच्या शरीरात वाढत नाहीत, आणि कल्ले आपण काढूनच टाकतो. या गटातील ज्या जातीची आरोग्याच्या दृष्टीने खरी दखल घेतली गेली आहे ती कुडोआ सेप्टेमपंक्टाटा. २०१० साली जपानमध्ये तिचे वर्णन झाले. ती ऑलिव्ह फ्लाउंडर या चपट्या माशाच्या मांसात असते, आणि तो मासा कच्चा खाणाऱ्यांना काही तासांत उलट्या व जुलाब होतात, जे बहुधा लवकर थांबतात. उणे २० अंशांवर चार तास गोठवल्याने किंवा ७५ अंशांवर पाच मिनिटे तापवल्याने ती निष्प्रभ होते. आपली आमटी त्याहून कितीतरी अधिक उकळते.

नावाबद्दलची आपली भावना मला समजते, कारण ती माझ्याही मनात आहे. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नाव अयथार्थ असले तरी तेवढ्यावरून ते बाद होत नाही. म्हणजे कारवारच्या खाडीतील परजीवीला बेळगावचे नाव दिले तरी ते वैध राहील. पण नेमके म्हणूनच जपायला हवे. एकदा प्रसिद्ध झालेले नाव चुकीचा समज देते म्हणून पुढे बदलता येत नाही, आणि ते वाचणारा प्रत्येक अभ्यासक हा प्राणी बेळगावच्या नदी-तलावांतील समजेल. मलप्रभा नदीच्या आणि हिडकल धरणाच्या गोड्या पाण्यातील माशांतही मिक्सोबोलस असण्याची पुरेपूर शक्यता आहे. तिथे कधी नवी जात निघाली, तर आपल्या भागाचे नाव तिला खऱ्या अर्थाने शोभेल. हे नाव मी तिच्यासाठी राखून ठेवीन.

संहितेच्या बाकीच्या अटी कडक आहेत. नवी जात असल्याचे लेखात स्पष्ट म्हटले पाहिजे, ती कशामुळे वेगळी ठरते ते लिहिले पाहिजे, आणि १९९९ नंतरच्या प्रत्येक वर्णनात प्रारूप नमुने (ज्यांवर त्या जातीचे नाव आधारलेले असते ते) निश्चित करून ते कोणत्या संग्रहात ठेवले हे सांगितले पाहिजे. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात लेख येणार असेल तर झूबँकेत (प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत) नोंदणी करून तसा उल्लेख लेखातच करावा लागतो. याशिवाय आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती अधिकृत संग्रहालयाला कळवून नमुने तिथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी हे काम भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था करते. म्हणजे माझ्या काचपट्ट्या माझ्या कपाटात राहून चालणार नाहीत.

तेलभिंग (निपाणी)

एवढे सगळे वाचल्यावर एक प्रश्न आदराने विचारतो. माणसाला अपाय नाही, मासाही मरत नाही, मग आणखी एका जातीला नाव देण्यासाठी इतके कष्ट कशाला? आधीच शेकडो जाती आहेत, त्यांत एकीची भर.

मार्कंडेयतीर (बेळगाव)

मासा मरत नाही हे आज, खुल्या खाडीत, थोड्या गाठी असताना खरे आहे. मिक्सोबोलस सेरेब्रालिसचे वर्णन ब्रुनो होफर यांनी १९०३ साली जर्मनीतील इंद्रधनुषी ट्राउटमध्ये केले. युरोपातील मूळच्या ट्राउटमध्ये तो फारसा उपद्रव देत नव्हता, पण बाहेरून आणून हौदांत वाढवलेल्या माशांची पिल्ले त्याने वाकडी होऊ लागली, गोल गोल फिरू लागली आणि मरू लागली. पुढे १९५० च्या दशकात तो अमेरिकेत पोहोचला आणि तेथील नद्यांतील ट्राउटचे मोठे नुकसान झाले. आपल्याकडे खाऱ्या-मचूळ पाण्याच्या तळ्यांत बोई वाढवली जाते. एके दिवशी तिथली पिल्ले मरू लागली, तर पहिला प्रश्न असेल की हा परजीवी इथलाच की मत्स्यबिजासोबत बाहेरून आलेला. त्याचे उत्तर आधीच्या नीट केलेल्या नोंदीशिवाय देता येत नाही. कुडोआ थिरसाइट्ससारख्या जाती तर मासा मेल्यानंतर आपल्या विकरांनी त्याचे मांस इतके मऊ करतात की तो विकता येत नाही. ते नुकसान थेट काकांसारख्या घरांचे असते.

आणि दादा, उपयोग बाजूला ठेवला तरीही मला हे करायचे आहे. जेलीफिशच्या कुळातला एक प्राणी आपल्या ताटातल्या माशाच्या कल्ल्यात राहतो, आणि तो नेमका कोण आहे याची पक्की नोंद माझ्या हाती नाही, हे ठाऊक झाल्यावर मला स्वस्थ बसवत नाही.

खाडीकाठ (कारवार)

मग ताई, आपण बाजारचा मासा सोडा आणि इकडे या. माझा पुतण्या खाडीत पाग टाकतो. मासा पाण्यातून निघाल्यापासून आपल्या हाती येईपर्यंत तो कुठे धरला ते मी स्वतः सांगेन. येण्याआधी काही मासे ठेवायचे असतील तर कसे ठेवू तेवढे लिहा. फ्रीजरमध्ये टाकले तर चालतील का?

मार्कंडेयतीर (बेळगाव)

काका, आपले फार आभार. फ्रीजर शक्यतो टाळा. गोठवल्याने गाठी आणि ऊती फुटतात, आणि मग छेद घेता येत नाहीत. मासे बर्फाच्या चुऱ्यात, पण पिशवीत घालून ठेवावेत, म्हणजे गोडे पाणी कल्ल्यांत शिरणार नाही. त्याच दिवशी मी पोहोचेन आणि तिथेच कल्ले उघडेन. प्रत्येक गाठीचा एक भाग ताजा पाहीन, एक इथेनॉलमध्ये, एक फॉर्मॅलिनमध्ये आणि माशाच्या पराचा तुकडा वेगळा. ज्या माशांत गाठी नाहीत तेही टाकू नका, कारण तपासलेल्या किती माशांपैकी किती बाधित होते हे त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

प्रत्येक माशासोबत एक चिठ्ठी ठेवावी: तारीख, पाग कुठे टाकला ती जागा, भरती होती की ओहोटी, आणि आपल्या घरात त्या माशाला नेमके कोणते नाव आहे ते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई इथेनॉलमध्ये विरघळते.

रेणुसूत्र (धारवाड)

पेन्सिलीच्या चिठ्ठीत अक्षांश-रेखांशही घाला, मोबाइलवर सहज मिळतात. इथेनॉलमधल्या कुप्या माझ्याकडे पाठवल्यात तर डीएनए काढण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेत करून देईन. प्रत्येक कुपीवर माशाचा आणि गाठीचा क्रमांक वेगवेगळा असावा, म्हणजे कोणता क्रम कोणत्या काचपट्टीचा यात घोळ होणार नाही.